शाळेसाठी पेटी : नवी घ्यावी की जुनी?

आम्ही बुलडाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका शाळेत शिकवतो. सहा वर्षांपूर्वी ऐन श्रावणात आम्ही शाळेसाठी कोरी करकरीत पेटी आणली. दुकान मोठ्या शहरातले, पॉलिश आरशासारखे, आवाज भरदार. परिपाठाला ती वाजू लागली आणि मुलेही बऱ्यापैकी सुरात गाऊ लागली. होळी झाली आणि पेटीने दम टाकायला सुरुवात केली. भाता दुप्पट मारावा लागे आणि पट्टी न दाबताही आत कुठेतरी एक बारीक सूर कण्हत राही. उघडून पाहिले तर आतली फळी तडकली होती. दुकानदार म्हणाला, "उन्हात ठेवली असेल." आम्ही ती कपाटात ठेवली होती.

दुरुस्त्या करीत ती रडतखडत चालली. शेवटी पालकांनी नव्या पेटीसाठी वर्गणी काढली. सोयाबीन विकून घर चालवणाऱ्यांची ही वर्गणी. तेव्हा या वेळी चूक परवडणार नव्हती. समोर दोन वाटा होत्या. एक, शहरातून पुन्हा नवी पेटी. दुसरी, घाटाखाली नांदुऱ्याकडच्या एका गावातील भजनी मंडळाने विकायला काढलेली, पंचवीसेक वर्षे वाजलेली पेटी. किंमत नवीच्या निम्म्याहून कमी. शिक्षकांच्या खोलीत सरळ दोन तट पडले. वाद मिटेना, तेव्हा आम्ही प्रश्नच बदलला : पेटीतला कोणता भाग वयाने बिघडतो, आणि कोणता वयाने बिघडत नाही?

आधी पेटी बोलते कशी ते पाहू. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाची, चामडे लावलेली झडप उचलली जाते. भात्यातली दाबलेली हवा त्या वाटेने बाहेर पडू पाहते. वाटेत पितळेची एक पट्टिका असते, तिला लांबट खाच असते आणि खाचेवर एका टोकाला जखडलेले पितळेचेच पातळ पाते असते. हवा जाताना हे पाते खाचेत आतबाहेर हलते आणि हवेचा झोत सेकंदाला शेकडो वेळा तोडते. आपल्याला ऐकू येतो तो या तुटक झोताचा आवाज. पेटीवाले या पात्यालाच 'सूर' म्हणतात.

पात्याचे गणित वर्गात सहज दाखवता येते. हॅकसॉचे जुने पाते टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि मोकळे टोक छेडा. बाहेरचा भाग आखूड केला की सूर चढतो. लांबी निम्मी केली तर कंप्रता दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सूर दोन सप्तके वर जातो. आता टोकाला भिजवलेल्या कणकेची गोळी चिकटवा, सूर उतरतो. पेटी मिळवणारा कारागीर हेच उलट बाजूने करतो. सूर चढवायचा असेल तर पात्याचे टोक किंचित खरवडून हलके करतो. उतरवायचा असेल तर बुडाशी खरवडून पाते लवचीक करतो. दोन्ही वेळा थोडे पितळ जातेच. म्हणून वारंवार मिळवलेली पेटी आणि क्वचित मिळवलेली पेटी एकाच वयाच्या असल्या तरी सारख्या नव्हेत.

जोराने भाता मारून वाजवलेले पाते जास्त वाकते आणि लवकर थकते. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. पितळाला अशी स्पष्ट मर्यादा नसते. मधल्या सप्तकातले एक पाते सेकंदाला सुमारे २६० वेळा हलते, म्हणजे तासाभराच्या भजनात ते दहाच मिनिटे वाजले तरी दीड लाखाहून अधिक कंपने झाली. तरीही नीट वापरलेली पाती कित्येक दशके टिकतात. जे थकते ते आधी इशारा देते : एरवी जुळलेला एकच सूर अचानक उतरू लागतो. बुडाशी सूक्ष्म चीर पडल्याची ती खूण असते. म्हणून विकणाऱ्या मंडळाला त्यांचा नेहमीचा 'सा' कोणता ते विचारावे आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्या जास्त बारकाईने ऐकाव्यात.

पाती टिकतात, मग काय जाते? चामडे कडक होते, लोकरीचा जाड कपडा झिजतो, स्प्रिंगा ढिल्या पडतात, भात्याच्या घड्यांवरचे कापड फाटते. यात वयाबरोबर झुरळे, कसर आणि उंदीर यांचाही हातभार असतो. पण हे सगळे बदलण्याजोगे सामान आहे. गिटारीचे तसे नसते. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारा मिळून सुमारे सत्तर किलो वजनाइतक्या ओढीने रात्रंदिवस लाकूड ताणत असतात. जुनी गिटार घेताना मान वाकली आहे का हेच आधी पाहावे लागते. पेटीच्या लाकडावर असला ताण नसतो. त्याचा शत्रू वेगळा आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यात दरवर्षी येतो.

बुलडाणा जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर हा भाग पठारावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यात. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, खोरे त्याच्या निम्म्याहून खाली. खोऱ्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. ऑगस्टमध्ये त्याच घरात मीठ पाझरते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याबरोबर ते फुगते आणि आकसते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. रेषांच्या दिशेने लांबीत जवळजवळ काहीच बदल होत नाही, आडव्या दिशेने मात्र होतो. सागाच्या आडव्या कापाच्या फळीत ओलाव्याचे प्रमाण ५ टक्क्यांनी घटले, तर २० सेंटिमीटर रुंदीची फळी सुमारे २ मिलिमीटर आकसते. ती फळी चारही बाजूंनी सरसाने आणि स्क्रूने जखडलेली असेल तर ते २ मिलिमीटर कुठून यायचे? फळी तडकते, किंवा सांधा उघडतो. पाती ज्या फळीवर बसवलेली असतात तिला अशी भेग पडली की हवा झडपेला वळसा घालून पळते. आमच्या पेटीचे नेमके हेच झाले होते. पावसाळ्यातल्या दमट हवेत मुरलेले लाकूड आम्ही आणले आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते आकसले.

म्हणजे जुन्या पेटीची बाजू एवढीच नाही की ती स्वस्त आहे. याच हवेत पंचवीस उन्हाळे काढलेल्या लाकडाला जिथे तडकायचे होते तिथे ते बहुधा तडकून चुकलेले असते. भेगा असतील तर त्या दिसतात, बुजवलेल्या असतील तर तेही दिसते. नव्या पेटीची परीक्षा अजून व्हायची असते. हे आम्ही तर्काने म्हणतो. मुळातच कच्चे, नीट न वाळवलेले लाकूड असेल तर ते पंचवीस वर्षांनीही हलत राहील.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते, आणि ती आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. जुनी पेटी मे महिन्यात पाहावी. तेव्हा लाकूड सर्वांत आकसलेले असते, प्रत्येक भेग उघडी असते. ऑगस्टमध्ये त्याच भेगा फुगून मिटतात आणि फुटकी पेटीही शहाण्यासारखी वागते. पावसाळ्यात दोष दिसतो तो दुसरा : पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. तो कानशीने सुटतो. फळीची भेग एवढ्यावर भागत नाही.

म्हणून आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात घाट उतरून गेलो. बरोबर सेकंद काटा असलेले घड्याळ, एक बारीक टॉर्च आणि सातवीच्या पुस्तकाएवढी वही. मंडळातले एक बुजुर्ग म्हणाले, "गुरुजी, वाजवून पाहा की, वही कशाला?" आम्ही म्हटले, "बाबा, वाजवणाऱ्याचे कान पेटीच्या प्रेमात पडतात, घड्याळ पडत नाही." ते हसले आणि पेटी पुढे सरकवली.

पहिली तपासणी गळतीची. भाता पूर्ण भरायचा, हात सोडायचा आणि लगेच एक पट्टी दाबून सूर किती सेकंद टिकतो ते मोजायचे. मग पुन्हा भाता भरायचा, पण या वेळी दहा सेकंद काहीही न दाबता थांबायचे आणि नंतर तीच पट्टी दाबायची. समजा पहिल्या वेळी सूर २० सेकंद टिकला आणि दुसऱ्या वेळी १८. म्हणजे दहा सेकंदांत दोन सेकंदांच्या वादनाएवढी हवा वाया गेली. भाता रिकामा होताना हवेचा दाबही उतरत जातो, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे. पण दोन पेट्यांची तुलना करायला पुरेसे आहे. थांबलेल्या दहा सेकंदांत खोलीत शांतता ठेवावी. 'स्स्' असा आवाज आला तर हवा लाकडातून किंवा भात्यातून जाते आहे. बारीक सूर आला तर एखादी झडप नीट बसत नाही. दुसरा दोष चामडे बदलून जातो. ही पेटी या परीक्षेत उत्तम नव्हे, पण बऱ्यापैकी उतरली. आमच्या शाळेतल्या पेटीवर आदल्या दिवशी हाच प्रयोग केला होता. तिथे दुसऱ्या वेळी सूर जवळजवळ आलाच नव्हता.

दुसरी तपासणी सुरांची. मोबाइलवर कंप्रता दाखवणारे ॲप मिळते, पण त्याहून सोपे साधन म्हणजे विस्पंद. जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की आवाज लाटांसारखा मोठा-लहान होतो, आणि सेकंदाला जितक्या लाटा तितका दोघांच्या कंप्रतेत फरक. खालचा 'सा' आणि वरचा 'सा' एकदम दाबा. खालच्या सुरात त्याची दुप्पट कंप्रताही मिसळलेली असते, म्हणून वरचा सूर तिच्याशी जुळला नसेल तर विस्पंद स्पष्ट ऐकू येतात. असे बाराही जोड तपासावेत. सप्तकाच्या जोडीत विस्पंद जवळपास नसावेत.

मात्र 'सा' आणि 'प' यांत अगदी संथ लाट ऐकू आली तर घाबरू नये. पियानोसारख्या समान अंतरांवर मिळवलेल्या पेटीत मधल्या सप्तकाचा पंचम शुद्ध पंचमाहून किंचित उतरा असतो आणि सेकंदाला साधारण एक विस्पंद येतोच. 'सा' आणि शुद्ध गंधार यांत तर सेकंदाला दहाच्या आसपास विस्पंद येतात. गवयांनी पेटीला नाके मुरडली त्यामागे हे एक कारण होते. ॲलेक्झांडर दबँ याने पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास हार्मोनियमचे एकस्व घेतले, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास ती हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवण्याजोगी केली, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. शाळेच्या प्रार्थनेला हा गंधार चालतो.

आणखी एक गैरसमज टाळावा. उन्हाळ्यात पेटी आणि बासरी जुळत नाहीत, तेव्हा दोष पेटीवर येतो. प्रत्यक्षात हवा १५ अंशांवरून ४० अंशांवर तापली की ध्वनीचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि बासरी तितकीच चढते. पितळी पाते तापले की उलट किंचित नरम होते आणि जरासे उतरते. चूक कुणाचीच नाही.

शेवटी वरची फळी काढून टॉर्चने आत पाहिले. पात्यांवर खरवडल्याच्या खुणा मोजक्या होत्या, दोन पात्यांवर मात्र खोल. त्यांतले एक भजनातल्या 'सा'चे होते आणि ते सेकंदाला चार विस्पंद देत होते. वाळवी नव्हती. भात्याच्या एका घडीला कापडाचे ठिगळ होते, तेही नीट लावलेले.

सौदा करण्यापूर्वी आम्ही खामगावच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याला ही यादी फोनवर वाचून दाखवली आणि दोन पाती बदलणे, झडपांचे चामडे आणि भात्याचे कापड यांचा खर्च विचारला. हा आकडा मिळाल्याशिवाय जुन्या पेटीची किंमत कळतच नाही. जुनीची किंमत आणि दुरुस्ती मिळून नवीच्या तीन-चतुर्थांशावर जात असेल, किंवा एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येईल इतक्या अंतरावर कारागीरच नसेल, तर आम्ही आजही नवीच घ्या म्हणू. मात्र ती उन्हाळ्यात घ्यावी, आणि एका उन्हाळ्याची हमी बिलावर लिहून घ्यावी. फळी तडकलेली जुनी पेटी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आमचा हिशेब निम्म्याच्या थोडा वर थांबला. पेटी जूनमध्ये शाळेत आली. उरलेल्या वर्गणीतून टाळांचे सहा जोड घेतले. सातवीच्या मुलांनी झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवला आहे; त्यावर मे आणि ऑगस्ट असे दोन रकाने आहेत आणि प्रत्येकात दोन आकडे, भाता भरल्याबरोबर किती सेकंद आणि दहा सेकंद थांबून किती. ऑगस्टचा पहिला आकडा भरला गेला, तो मेपेक्षा दोन सेकंदांनी जास्त आला. का, हे मुलांनीच सांगितले.