माझगावची मधली बारा वर्षे

1994 च्या फेब्रुवारीत नगरला रणगाडा संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षी 28 मे रोजी ‘आयएनएस शंकुल’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. रणगाडे आम्हा नगरकरांच्या ओळखीचे. माझगाव डॉकमध्ये काय घडले, याची चर्चा मात्र इकडे फारशी झाली नाही. ती व्हायला हवी होती.

डिझेल-विद्युत पाणबुड्या भारताला नुसत्या विकत घ्यायच्या नव्हत्या, बांधायला शिकायचे होते. स्वीडनची कॉकम्सही स्पर्धेत होती. निवड झाली पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यूची. डिसेंबर 1981 च्या करारानुसार दोन पाणबुड्या कीलला, दोन माझगावला बांधायच्या होत्या. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ 1986 मध्ये दाखल झाल्या. माझगावच्या ‘शाल्की’चे काम 1984 मध्ये सुरू झाले आणि ती दाखल झाली 7 फेब्रुवारी 1992 ला. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. एवढा वेळ लागला म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ते काम समजून घ्यावे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तो झेलणारे कवच पोलादी कडी एकमेकांना जोडून बनते. कडे गोलाईत किंचित चुकले तरी कवचाची ताकद घटते, म्हणून वेल्डिंगचा सांधा न् सांधा तपासावा लागतो. आमची माणसे कीलला जाऊन हे शिकून आली होती.

आणि हातांना सराव झाला तोच काम थांबले. 1987 मध्ये दलालीच्या आरोपांचे वादळ उठले, पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. ‘शंकुल’नंतर थेट डिसेंबर 2006 मध्ये ‘कलवरी’साठी पोलाद कापले गेले, तेही फ्रेंच आराखड्यावर. मधल्या बारा वर्षांत शिकलेले कारागीर निवृत्त झाले, पांगले. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. तिच्यापायी कारखाना रिकामा ठेवणे मात्र मला अक्षम्य वाटते.

हातांचा सराव तुटू न देणे म्हणजे काय, हे स्पर्धेत मागे पडलेल्या स्वीडनकडे पाहून कळते. स्वीडनने महायुद्धानंतर समुद्रतळाशी बुडालेली जर्मन पाणबुडी वर काढली, अभ्यासली आणि 1950 च्या दशकात ‘हायेन’ वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या. पुढे ‘ड्राकेन’, ‘शोऑर्मेन’, ‘नॅकेन’ असे एकामागून एक वर्ग येत राहिले आणि 1996 मध्ये ‘गॉटलांड’ आली. बाहेरची हवा न घेता ती आठवडे-आठवडे पाण्याखाली राहू शकते.

‘कलवरी’ 2017 मध्ये दाखल झाली. नंतर शिवरायांच्या जलदुर्गाचे नाव मिरवणारी ‘खांदेरी’ आली, आणि सहावी ‘वाघशीर’ 15 जानेवारी 2025 रोजी. तिचे सांधे जुळवणाऱ्यांना पुढचे काम त्यांच्या उमेदीच्या वर्षांतच मिळायला हवे.