वडीलधाऱ्यांचा जलप्रवास

प्रवास म्हणजे वारी किंवा जत्रा, ही आमच्या सीमाभागातील मागल्या पिढीची साधी व्याख्या. पंढरपूर, जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा आणि फार झाले तर आयुष्यात एकदा काशी. देवाचे निमित्त नसता केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून घराला कुलूप लावायचे, ही कल्पना त्या पिढीला थोडी चैनीची आणि थोडी पापाचीही वाटते. म्हणून गेल्या दिवाळीत आमच्या कंग्राळीच्या घरी मुलांनी केरळातील कालव्यांतून बोटीने हिंडण्याचा बेत मांडला आणि त्यात आमच्या मातोश्री, आमची आत्ती व मामा या तिघांनाही गोवले, तेव्हा आम्हांला कौतुकाबरोबर काळजीही वाटली. आई शहात्तर वर्षांची, आत्ती एकोणऐंशीची आणि मामांनी ऐंशी ओलांडलेली.

मामा तत्काळ ‘हो’ म्हणाले. आई ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणाली. आत्तींनी मात्र हातातले निवडायचे तांदूळ खाली न ठेवताच उत्तर दिले, “मी न्हाई येत बा. तुमी जाऊन येवा. मी घर राखतो.”

सगळ्यांनी मानले की, आत्ती पाण्याला भितात. तसे मानायला कारणही होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदीच्या पुराने गावाकडची भातशेती बुडाली, तेव्हा बांधावर उभ्या राहून पाण्याकडे पाहणाऱ्या आत्ती आम्हांला आठवत होत्या. मुलांनी त्यांना फोनवर बोटींची चित्रे दाखविली. पाणी कसे संथ असते, लाट कशी नसते, हे परोपरीने सांगितले. आत्ती मान डोलावीत आणि पुन्हा नाही म्हणत.

येथे आम्हांला आमच्याच व्यवसायातील एक गोष्ट खटकली. शाळेची सहल काढताना आम्ही प्रत्येक मुलाच्या पालकाचे लेखी संमतीपत्र घेतो. कोणाला दमा आहे, कोणाला गाडी लागते, याची नोंद करतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या सहलीत मात्र तिकिटे काढून झाल्यावर आपण त्यांना तारीख कळवितो. त्यांचा होकार आपण गृहीत धरतो, आणि त्यांनी नकार दिला तर त्याचे कारणही आपणच ठरवून मोकळे होतो. मामांचा होकार आणि आत्तींचा नकार, दोहोंच्या पाठीमागे काय आहे, हे विचारण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

ते सुचले आमच्या सौभाग्यवतींना. एका रात्री भांडी आवरून झाल्यावर त्या आत्तींच्या पायांना तेल चोळीत बसल्या आणि तेवढेच विचारले, “आत्ती, खरं सांगा, भीती कसली वाटते?” बराच वेळ गेल्यावर उत्तर आले. भीती पाण्याची नव्हती; लघवीची होती. गेली तीन वर्षे त्यांना वारंवार जावे लागत होते, आणि कधीकधी पोहोचेपर्यंत धीर निघत नसे. म्हणून सौंदत्तीच्या जत्रेला निघताना त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नसत. लग्नकार्यात दाराजवळची जागा धरून बसत. बोटीवर परक्या पुरुषांदेखत काय करायचे, या एका प्रश्नाने त्यांची झोप उडाली होती. (हे सारे आम्ही आत्तींच्या परवानगीनेच लिहीत आहोत. “लिही. माझ्यासारख्या लई बाया असतील,” असे त्या म्हणाल्या.)

दुसऱ्या दिवशी त्यांना बेळगावात स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेले. लघवीची तपासणी झाली, साखर पाहिली. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग निघाला. त्यावर औषध मिळाले, आणि ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याचा साधा व्यायाम शिकविला गेला. बाईंनी एक गोष्ट निक्षून सांगितली. वय झाले की हे असेच चालायचे, असे समजून गप्प बसू नये; आणि पाणी तोडणे हा तर उपाय नव्हेच. उतारवयात तहानेची जाणीव आधीच मंद होते. त्यात मुद्दाम पाणी तोडले, तर चक्कर, बद्धकोष्ठ, पडणे आणि पुन्हा तोच संसर्ग ओढवतो. दीड महिन्यात आत्तींना पुष्कळ उतार पडला. बेत केरळचा होता. पण तीन वर्षांचे दुखणे त्या निमित्ताने उजेडात आले.

मग आम्ही मामांकडे वळलो. त्यांचा होकार इतका झटपट का, याचाही उलगडा झाला. बेत त्यांना नीट ऐकूच आला नव्हता. श्रवणयंत्र पेटीत पडून होते. ते लावले की आपण म्हातारे दिसतो, अशी त्यांची समजूत. बोटीचे इंजिन चालू असता नावाड्याची सूचना ऐकू आली नाही, तर काय अनर्थ होईल, हे त्यांना समजावून सांगितले. यंत्राची बॅटरी बदलली. शिवाय उजवा हात वर केला म्हणजे ‘बसा’, दोन्ही हात पुढे केले म्हणजे ‘थांबा’, अशा खुणा ठरविल्या. आईचे दुखणे गुडघ्याचे. तिने ते लपविले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

पुढची तयारी म्हणजे शरीराला सवय लावणे. बोटीत चढायचे म्हणजे धक्का आणि बोट यांच्यामध्ये टाकलेल्या फळीवरून जायचे, किंवा मधली फट ओलांडून एक उंच पायरी चढायची. आणि पायाखालची जागा किंचित हलत असते. आम्ही परड्यात दोन विटांवर हातभर रुंदीची फळी टाकली आणि रोज संध्याकाळी तिघांकडून ती ओलांडून घेतली. एकाने पुढे उभे राहून मनगटाला घट्ट धरायचे, एकाने पाठीशी राहायचे. ओढायचे नाही आणि ढकलायचेही नाही, हा नियम. पायांत घसरणार नाही अशा रबरी तळव्याची, रुळलेली वहाण. पहिले चार दिवस हसण्यात गेले. पंधरा दिवसांनी आई कोणाचा हात न धरता फळी ओलांडू लागली.

औषधांच्या दोन पुड्या बांधल्या. एक सामानात, एक अंगावरच्या पिशवीत. प्रत्येकाची औषधे, वेळा, आजार आणि घरचा फोन मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिला. त्या मुलखात आपली मराठी चालत नाही आणि कन्नडही चालत नाही. म्हणून उतरण्याच्या ठिकाणाचे नाव मल्याळम् लिपीत लिहून घेऊन एकेक चिठी तिघांच्याही खिशात व कनवटीला दिली.

बेळगावहून पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा जाते. लोंढा, मडगाव, मंगळूर असा तिचा मार्ग. वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. परंतु साठीपुढील पुरुष व पंचेचाळीशीपुढील स्त्रिया यांना खालचा बाक देण्याची तजवीज आहे. आरक्षण करताना वय अचूक लिहावे, एवढेच. एर्नाकुलमहून अलप्पुळा सुमारे ५५ किलोमीटर. ऋतू जानेवारी-फेब्रुवारीचा निवडावा. पाऊस सरलेला असतो आणि उन्हाळा चढलेला नसतो.

वडीलधाऱ्यांना कोठे जायचे, एवढेच सांगून भागत नाही. का जायचे, हेही सांगावे लागते. म्हणून रोज जेवणानंतर आम्ही थोडे थोडे वाचून दाखवू लागलो. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अलप्पुळा बंदर वसविले आणि माल वाहण्यासाठी शहरातून कालवे काढले. मोटारी येण्यापूर्वी त्या किनाऱ्यावरचा भात, नारळ, काथ्या, मिरी सारे पाण्यावरून जाई. कोल्लमपासून कोट्टप्पुरमपर्यंतचा हा पश्चिम किनारी कालवा १९९३ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ म्हणून घोषित झाला. आज प्रवासी ज्या हाऊसबोटीत बसतात, ती मुळात भात वाहणारी ‘केट्टुवल्लम’. केट्टु म्हणजे बांधणे. फणसाच्या जातीतल्या ऐनीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ती बांधीत; खिळा एकही नसे.

मामांना सर्वांत भावला तो दुसराच भाग. त्रावणकोरचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी कुळातले. १८२८ साली कुंभकोणमला त्यांचा जन्म झाला आणि १८५७ ते १८७२ या काळात ते दिवाण होते. वर्कला येथे डोंगराखालून कालवा नेणाऱ्या बोगद्यांचे काम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. पुढे ते इंदूरचे आणि बडोद्याचेही दिवाण झाले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने परमुलखाच्या पाण्याला वाट करून दिली, हे ऐकून मामा म्हणाले, “मग बघायलाच पायजे.” हा त्यांचा खरा होकार.

आत्तींचा होकार कुट्टनाडने मिळविला. वेंबनाड तलावाच्या काठचा हा प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खाली. भोवती बांध घालायचा, आतले पाणी उपसून काढायचे आणि त्या खोलगटात भात करायचे. कालवा वर आणि शेत खाली! २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान दिला. सारा जन्म रोप लावण्यात गेलेल्या आत्तींना हे पटेना. “पाण्याच्या खाली भात? कुजत न्हाई?” असे त्यांनी तीनदा विचारले. चौथ्यांदा म्हणाल्या, “बघून येऊ या.”

आता बोट ठरवायची होती. फोनवर एका व्यावसायिकाने ‘सर्व सोयी आहेत’ असे सांगितले. पण चित्रे मागविली, तेव्हा शौचालयाचा उंबरा गुडघाभर उंच आणि धरायला काही नाही, असे दिसले. तो बेत सोडला. वाचकांनीही मोघम चौकशी न करता नेमके विचारावे. कमोड आहे काय, धरायला दांडी आहे काय, निजायची खोली जिना न चढता गाठता येते काय, वातानुकूल यंत्र दिवसाही चालते की रात्रीच, मऊ भात किंवा पेज करून मिळेल काय, आणि माणसे किती घेणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संथ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. थोर मल्याळम् कवी कुमारन् आशान १६ जानेवारी १९२४ रोजी याच जलमार्गावर, कोल्लमहून अलप्पुळ्याकडे येताना, पल्लना येथे बोट उलटून बुडाले. बोटीत माणसे फार झाली होती. शंभर वर्षांनंतरही धडा तोच आहे. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूर येथे क्षमतेहून अधिक माणसे घेऊन अंधार पडल्यावर निघालेली बोट बुडाली आणि २२ जीव गेले. म्हणून गर्दीच्या बोटीत चढू नये, सूर्यास्तानंतर पाण्यावर राहू नये, सर्वांनी एका बाजूला धावू नये. आणि जीवरक्षक जाकीट निघण्यापूर्वीच अंगात घालून, पट्टे आवळून पाहावे. आम्ही हे सारे तिघांना सांगितले. भीती वाटेल म्हणून लपविले नाही. सावधगिरी मागायची, तर माहिती द्यावी लागते.

मुलांचा आग्रह रात्रीच्या मुक्कामाचा होता. निर्णय आम्ही तिघांवर सोपविला. आत्तींनी रात्र नाकारली. दिवसाची बोट, शौचालय आधी डोळ्यांनी पाहून, आणि निजायला जमिनीवरचे घर, एवढे मान्य केले. मुले हिरमुसली, पण मान तुकविली.

जानेवारीतल्या एका सकाळी अलप्पुळ्याच्या धक्क्यावर फळी टाकली गेली. आई पुढे, मामा मधे; आत्तींनी नऊवारीचा ओचा खोचला, आमचे मनगट धरले आणि परड्यातल्यासारखीच फळी ओलांडली. बोटीत बसताच त्यांनी पहिले काय केले असेल, तर तांब्याभर पाणी मागून प्याल्या. सौभाग्यवती आमच्याकडे पाहून हसल्या.

शहर मागे पडले, कालवा रुंदावला आणि उजव्या हाताला बांधापलीकडे खाली हिरवेगार भात दिसू लागले. नावाड्याने बोट बांधाला लावली. शेतात तण काढणाऱ्या दोन बाया वर आल्या. आत्तींना मल्याळम् येत नाही आणि त्यांना मराठी. आत्तींनी रोपाकडे बोट दाखवून हात कमरेएवढा धरला. त्यांतल्या एकीने मान हलवून तो छातीपर्यंत वर नेला. आत्तींनी माती चिमटीत घेतली, चोळली आणि आम्हांला म्हणाल्या, “चिकट हाय. आमच्यापेक्षा काळी.” पाऊण तास त्या तिघी बोलत होत्या.

परतल्यावर गावातल्या बायका आत्तींना विचारतात, भीती नाही वाटली? आत्ती त्यांना पाण्याविषयी थोडे आणि डॉक्टरीणबाईंविषयी पुष्कळ सांगतात. त्यांच्यापैकी दोघी त्या दवाखान्यात जाऊनही आल्या.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य हिंडवावे. कालव्यावर, समुद्रावर, जमेल तेथे. मात्र तिकिटापूर्वी त्यांच्यापाशी निवांत बसून त्यांचे संमतीपत्र घ्यावे. ते कागदावर नसते. ते मिळायला कधी एक रात्र लागते, कधी दोन महिने. आणि पायांना तेल चोळणारा हात लागतो.