स्विमिंग पूल तापवायचा कसा? आधी प्रश्न तपासा

समजा, यवतमाळमध्ये एका घरी 20,000 लिटरचा पूल आहे आणि जानेवारीत पाणी 5 अंशांनी तापवायचंय. स्वस्त पर्याय कोणता? लगेच यंत्रांच्या किमती शोधू नका, आधी हिशेब मांडा.

1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4.19 किलोज्यूल लागतात. म्हणजे एकूण साधारण 116 युनिट. साधा हीटर तेवढीच वीज खाईल. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणतो. 1 युनिट विजेमागे त्याने 4 युनिट उष्णता दिली, तर 29 युनिटांत काम भागेल.

पण ही उष्णता टिकणार किती? माठ आठवा. पाण्याची वाफ होताना उरलेलं पाणी थंड होतं. या पुलातलं जेमतेम 35 लिटर पाणी उडालं, की अख्खा पूल 1 अंशाने उतरतो! विदर्भातल्या कोरड्या हवेत उघडा पूल म्हणजे मोठा माठच. म्हणून पहिला खर्च कव्हरचा, मग सोलरचा. हीट पंपाचा विचार त्यानंतर.

संशोधनाचा विषय निवडतानाही हेच करून बघा. "कोणतं यंत्र घेऊ?" याआधी "उष्णता जाते कुठे?" हा प्रश्न वहीत लिहा. प्रस्तावाला खरी सुरुवात तिथून होते.