धाप फुप्फुसाची की हृदयाची?

रायपूरहून धमतरीकडे जाताना लागणाऱ्या अभनपूरसारख्या गावात चुलीपुढं जन्म गेलेली एखादी आजी चार पायऱ्या चढताच धापा टाकते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. विडीला तर तिनं कधी हातही लावलेला नसतो! धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या विकाराकडे, पीटर बार्न्स आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधलं. त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण.

पण ही धाप फुप्फुसाची की हृदयाची? फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आक्रसल्या की हृदयाच्या उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो आणि ताणलेला स्नायू रक्तात बीएनपी हे संप्रेरक सोडतो. यातला ‘बी’ म्हणजे ब्रेन. १९८८ साली जपानी संशोधकांना ते आधी डुकराच्या मेंदूत सापडलं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांच्या २००२ मधल्या अभ्यासात बीएनपीची मिलिलिटरला १०० पिकोग्रॅम ही रेघ उपयोगी ठरली. त्याखाली आकडा असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. मात्र वय, मूत्रपिंडाचा विकार यांनी तो वाढतो, लठ्ठपणात घटतो. सीओपीडीत नुसत्या उजव्या कप्प्याच्या ताणानंही चढतो.

म्हणून सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. आणि जन्मभर चूल फुंकलेल्या आजीला फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरच्या नळीतही फुंकावं लागतंच.