किल्ली आतच राहिली

मैत्रिणींनो, वाऱ्यानं दार आपटावं, लॅच लागावं आणि किल्ली मात्र आत ओट्यावर राहावी, असं तुमचंही कधीतरी झालं असेल. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली असली तर निभावतं. नाहीतर किल्लीवाल्याला शोधत फिरा!

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री अगदी असंच झालं, तेही फेसबुक (आताचं नाव मेटा) या बलाढ्य कंपनीचं. आठवतंय ना? नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच ठप्प! कितीजणींनी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला असेल.

मी कला शाखेची, कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही. पण भाच्याकडून समजून घेतलं. अशा कंपन्यांचे हजारो कॉम्प्युटर निरनिराळ्या देशांत असतात. प्रत्येकापाशी माणूस कसा बसवणार? म्हणून लक्ष ठेवायला सॉफ्टवेअर असतं. ते थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकाची खुशाली विचारतं, उत्तर आलं नाही की इंजिनीअरला कळवतं. दुरुस्तीचे हुकूमही लांबूनच देता येतात.

त्या दिवशी देखभालीच्या कामात एक चुकीचा हुकूम सुटला आणि कंपनीच्या केंद्रांना जोडणारं जाळंच तुटलं. असे हुकूम अडवणारं सॉफ्टवेअर होतं, पण नेमका त्यातच दोष निघाला. बिघाड शोधायची बरीचशी साधनंही त्याच जाळ्याच्या आधारावर चालणारी. म्हणजे किल्ली आतच! शेवटी माणसांना प्रत्यक्ष केंद्रांत जावं लागलं. तिथला बंदोबस्त इतका कडक, की आत शिरून काम करायलाही वेळ लागला. सगळं सुरू व्हायला सुमारे सहा तास गेले.

हे ऐकलं आणि मला आमचा बचत गट आठवला. सगळ्यांचे नंबर, हप्त्यांच्या नोंदी एकट्या सचिवताईंच्या मोबाईलमध्ये. एकदा तो पाण्याच्या बादलीत पडला. मग कुणी किती भरले यावरून शब्दाला शब्द वाढला आणि दोन जिवाभावाच्या मैत्रिणींत अबोला धरला गेला. पैशांचा हिशेब महिनाभरात जुळला, मनं जुळायला वर्ष लागलं.

आता आम्ही नोंदी वहीतही लिहितो आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवतो. राखण करणारा कितीही हुशार असो, त्याची किल्ली दुसरीकडेही हवी. तुमच्या घरातले महत्त्वाचे नंबर कुठे आहेत हो? फक्त मोबाईलमध्ये? मग आजच वही काढा!