पेंडीची गोळी की पाकिटातलं आमिष?

सोलापूरच्या भवानी पेठेत गळाला लावायचं आमिष घरी करायचं ठरवलं, तर सामान जमवायला लांब जावं लागत नाही. कणीक, बेसन, गूळ आणि बडीशेप किराणा दुकानात मिळते, शेंगदाण्याची पेंड पशुखाद्याच्या दुकानात. हौशी गळवाल्यांसमोर आता दुसराही पर्याय आहे. ऑनलाइन मागवलेली रंगीत, वासाची पाकिटं दोन-तीन दिवसांत घरपोच येतात. मग पेंड कुटत बसायची कशाला?

उत्तर द्यायच्या आधी मासा काय खातो आणि कुठे खातो, हे पाहायला हवं. उजनीसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयांत कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढतात, पण त्यांची पंगत वेगळी असते. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात असतो, मृगळ तळाशी. त्यामुळे तळाला जाऊन बसणारी जड गोळी कटल्यासाठी फारशी कामाची नाही. त्याला हलकी, हळूहळू सुटत जाणारी भुकटी हवी. दुकानातलं पाकीट कितीही महाग असलं तरी हा हिशेब गळ टाकणाऱ्यालाच करावा लागतो.

पेंडीचा लौकिक उगाच नाही. भारतातल्या मत्स्यशेतीत भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समप्रमाणात देण्याची पद्धत जुनी आहे, म्हणजे तळ्यात वाढलेल्या माशाला ही चव ओळखीची असते. शिवाय पेंडीत प्रथिनं भरपूर असतात. पेंड भिजवून थोडी आंबू दिली की प्रथिनं सुटी होऊन अमिनो आम्लं तयार होतात. ती पाण्यात विरघळतात आणि माशाला लांबूनही जाणवतात. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या सुगंधी तेलाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पेंड घेताना घाण्याची घ्यावी. सॉल्व्हंट पद्धतीने तेल काढलेल्या पेंडीत तेल आणि वास दोन्ही जवळजवळ उरत नाहीत. बुरशी लागलेली पेंड मात्र स्वस्त मिळाली तरी नको. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, त्याचं मूळ ब्राझीलहून आलेल्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीत सापडलं. अफ्लाटॉक्सिन हे विष त्याच तपासातून ओळखलं गेलं.

घरच्या आमिषाची खरी अडचण म्हणजे टिकणं. कणकेची गोळी पाण्यात फुगते, मऊ पडते आणि गळ रिकामा राहतो. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टनने १६५३ च्या पुस्तकात यावर तोडगा सांगितला आहे: पिठात थोडी लोकर मळा, म्हणजे गोळी धरून राहते. वर्षभर टिकवायची असेल तर मेण आणि मध घाला, असंही तो सुचवतो. चादरींच्या सोलापुरात लोकरीऐवजी चिमूटभर कापूस पिंजून घालता येईल.

लहान माशांचा उपद्रव हे दुसरं दुखणं. १९५२ मध्ये भारतात आणलेली तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, आता उजनीत मुबलक आहे. ती मोठ्या माशाच्या आधी गोळी कुरतडून संपवते. याच अडचणीवर इंग्लंडमधल्या कार्पच्या गळवाल्यांनी ‘बॉयली’ काढली. प्रथिनयुक्त पिठं अंड्यात मळायची, गोळ्या करायच्या आणि उकळत्या पाण्यातून काढायच्या. अंड्यामुळे गोळीवर कडक साल धरते आणि लहान तोंडाला ती सहज फुटत नाही. फ्रेड विल्टन या गळवाल्याच्या प्रयोगांमुळे ही कल्पना पुढे आली. कारखान्यात तयार झालेली पाकिटं नंतर आली. मुळात हे स्वयंपाकघरातलंच काम. पेंड, बेसन आणि अंडी घेऊन भवानी पेठेतही ते एका संध्याकाळी होतं.

आमिषाचा विचार आपल्या भागाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्याची राजधानी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेला असलेलं आजचं बसवकल्याण. या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. माशांच्या जाती, त्यांचं खाणं, गळ आणि दोरी यांची माहिती त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं.

तयार आमिष कुठे उजवं ठरतं? मरळीसाठी. ती शिकारी आहे, हलणाऱ्या भक्ष्यावर झेपावते, पिठाच्या गोळीकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्यासाठी रबरी बेडूक घ्यावा. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो आणि जिवंत बेडूक गळाला टोचण्याची क्रूरता टळते. फक्त तुटलेला रबरी तुकडा पाण्यात सोडून येऊ नये, तो कुजत नाही. लांबच्या प्रवासात भिजवलेली पेंड नेणं जिकिरीचं होतं, तिथेही पाकीट सोयीचं.

बाकी कटला, रोहू, मृगळ आणि चिलापीसाठी सोलापूरकरांनी तयार आमिषावर पैसे घालवू नयेत. ते चांगल्या गळावर आणि मजबूत दोरीवर खर्च करावेत. पेंडही बेतानेच टाकावी. माशांनी न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. आणि निघण्यापूर्वी चौकशी करावी: महाराष्ट्रातल्या अनेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यांच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये.