चार मजल्यांचं भांडण

अमेरिकेतल्या टँपा शहरात २००६ साली एका विमादाव्यातले दोन वकील हमरीतुमरीवर आले. मुद्दा काय, तर साक्षीदाराची जबानी कुठे घ्यायची! दोघांची ऑफिसं एकाच इमारतीत, मध्ये फक्त चार मजले. न्यायाधीश ग्रेगरी प्रेस्नेल वैतागले आणि त्यांनी लेखी हुकूमच काढला: त्रयस्थ जागी भेटा, त्या जागेवरही एकमत नसेल तर कोर्टाच्या पायऱ्यांवर या, आणि दगड-कागद-कात्री खेळा. जिंकेल त्याने जबानीची जागा ठरवावी. सोबत प्रत्येकी एक मदतनीस, साक्षीला.

तिथे सुनावणीच्या कितीतरी आधी वकीलच साक्षीदाराला शपथेवर प्रश्न विचारतात. न्यायाधीश समोर नसतो, मग आवाज चढणारच. केंद्रीय नियमांत एका जबानीला एक दिवस, सात तास. कागदपत्रांची तऱ्हा वेगळी. मागणारा म्हणतो सगळं द्या. देणारा एकतर हात आखडतो, नाहीतर खोकीच्या खोकी ओततो.

आपल्याकडे सुनावणीआधी अशी तोंडी उलटतपासणी होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली लेखी प्रश्नावली देता येते, कागद मागता येतात. २०१५च्या व्यापारी न्यायालय कायद्यानंतर मात्र ठरावीक रकमेवरच्या व्यापारी दाव्यांत वादीला दाव्यासोबतच कागद जोडावे लागतात, स्वतःच्या अंगाशी येणारेसुद्धा.